‘तपासणी कशासाठी?’ : कोल्हापूरच्या सोनोग्राफी यंत्रांवरील पहाऱ्याचा इतिहास

१/ मलकापूर हे आंबा घाटाच्या अलीकडचे, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे गाव. विशाळगडच्या जहागिरीचे एके काळचे ठाणे. ते ज्या कोल्हापूर जिल्ह्यात येते, तेथे २००१ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुली होत्या केवळ ८३९. १९१७ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणणाऱ्या शाहू छत्रपतींच्या भूमीतला हा आकडा.

२/ या आकड्यामागे एक यंत्र होते. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ साली ध्वनिलहरींनी गर्भ पाहण्याची पद्धत जगापुढे मांडली, ती माता आणि बाळाच्या रक्षणासाठी. भारतात तीच पद्धत मुलगी हुडकण्यासाठी वापरली जाऊ लागली. १९८८ साली महाराष्ट्राने देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १ जानेवारी १९९६ पासून लागू झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक झाला.

३/ या कायद्याचा कणा म्हणजे ‘एफ’ नमुना. गर्भवतीची सोनोग्राफी करताना डॉक्टरने कारण नोंदवावे लागते: रक्तस्राव, गर्भाचे वय, जुळ्यांची शंका, वाढीतील दोष इत्यादी. कारणांची यादी नमुन्यातच दिलेली असते. नोंद अपुरी वा चुकीची असेल, तर निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार डॉक्टरवर येतो.

४/ परंतु कागद बोलत नाहीत. नमुन्यांचे गठ्ठे कचेरीत साचत. ते ताडून पाहणार कोण? २००९ च्या सुमारास कोल्हापूरचे जिल्हाधिकारी, साहित्यिक लक्ष्मीकांत देशमुख यांनी या प्रश्नाला संगणकाचे उत्तर शोधले.

५/ उपाय दुहेरी होता. ‘एफ’ नमुना ऑनलाइन भरायचा, आणि प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ हे उपकरण जोडायचे. ते तपासणीची दृश्ये साठवून ठेवी. उपकरणातील तपासण्या आणि भरलेले नमुने जुळले नाहीत, की चौकशीला धागा मिळे.

६/ क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो, हा मुख्य आक्षेप. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. दृश्ये यंत्राजवळच राहतात, कुठे पाठवली जात नाहीत, हे न्यायालयाने ध्यानात घेतले.

७/ याच सुमारास अमेरिकेत निराळा प्रयोग चालू होता. तेथील रेडिऑलॉजी महाविद्यालयाने १९९३ पासून कोणत्या लक्षणाला कोणती तपासणी योग्य, याचे निकष बांधायला घेतले. पुढे बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात असे निकष संगणकात आले. डॉक्टर सीटी वा एमआरआय मागवू लागला, की पडद्यावर तिच्या योग्यतेचे गुण दिसत. २०१४ च्या कायद्याने मेडिकेअरसाठी हे सक्तीचे करण्याचे ठरले. अंमलबजावणी वारंवार लांबली आणि २०२४ मध्ये योजना थांबवण्यात आली.

८/ दोन्हीकडे प्रश्न एकच: ‘तपासणी कशासाठी?’ पण बोस्टनचा संगणक तपासणीआधी सल्ला देतो. कोल्हापूरचे उपकरण नंतर साक्ष ठेवते. तिथे शत्रू अतिरेक होता, इथे गुन्हा. मर्यादाही समान: खोटे कारण निवडले, तर संगणकाला ते खरेच वाटते. आणि खोलीत डॉक्टरने केलेली सूचक खूण कोणत्याही चित्रात उमटत नाही.

९/ २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरचा आकडा ८६३ वर आला. त्याच दशकात राज्याचा मात्र ९१३ वरून ८९४ पर्यंत घसरला. तरीही श्रेय यंत्राला देताना जपावे. २०११ मध्ये मोजलेली बहुतेक मुले उपकरण येण्यापूर्वी जन्मलेली होती. कायद्याची अंमलबजावणी आणि लोकजागृती यांचा वाटा त्यातून वेगळा काढता येत नाही.

१०/ वाद तिथे संपला नाही. नमुन्यातील लेखनदोषालाही गुन्हा का मानावे, हा डॉक्टरांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने कायद्याच्या बाजूने निकाल दिला: लिंगनिवडीचा माग लावण्याचे मुख्य साधन ही नोंदच आहे. मात्र मलकापुरासारख्या गावातील गर्भवतीला सोनोग्राफी वेळेवर मिळणे, हेही तितकेच मोलाचे. डॉक्टर कागदाच्या भयाने मागे सरला, तर ज्या मातेच्या रक्षणासाठी हे यंत्र जन्मले, तीच त्याला मुकेल.