शमी
शमी किंवा सौंदड (प्रोसोपिस सिनेरॅरिया, कुल फॅबेसी) हा काटेरी वृक्ष अरबस्तान व इराणपासून पाकिस्तान, राजस्थान, गुजरातपर्यंत आढळतो, महाराष्ट्राच्या कोरड्या भागांतही दिसतो. पावसाची वाट न पाहता भर उन्हाळ्यात तो नवी पालवी धरतो, ही त्याची खरी नवलाई. सोटमूळ फार खोलवरची ओल शोधते. मुळांवरील गाठींतले जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात, म्हणून मारवाडचा शेतकरी बाजरीत उभी असलेली शमी, म्हणजे तिथली ‘खेजडी’, तोडत नाही. फांद्या छाटून पाला तेवढा गुरांना घालतो. जोधपूरजवळच्या खेजडली गावी १७३० मध्ये ही झाडे वाचवताना अमृतादेवींसह बिश्नोई समाजातील ३६३ जणांनी प्राण दिले. कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, वाळवून ठेवतात; केर या झुडपाच्या फळांसोबत त्यांची चविष्ट भाजी होते.