नायिकेच्या हातातली तलवार

आमच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांतील नायिका घोड्यावर बसली, की एका दमात दहा-वीस मोगल कापून काढते. आणि अंबाडा मात्र सुटत नाही! पडद्यावर हे एक वेळ शोभते. १९३५ च्या 'हंटरवाली'त नादिया उड्या स्वतः मारीत असे. तेथे निदान हाडे तरी खरी होती. कागदावर उडी फुकट मिळते.

ताराबाईंचेच पाहा. १७०० साली राजाराममहाराज सिंहगडावर वारले, तेव्हा बाई जेमतेम पंचविशीच्या. मुलगा लहान; औरंगजेब साताऱ्याला वेढा घालून बसलेला. बाईंनी सरदार हाताशी धरले, फौजा माळव्या-गुजरातेत धाडल्या. बादशहाने किल्ला घ्यावा आणि मराठ्यांनी तो परत घ्यावा, असे सात वर्षे चालले. खाफीखान मोगलांच्या बाजूचा. पण बाईंच्या बुद्धीची आणि कारभाराची तारीफ त्यालाही करावी लागली. १७०७ साली बादशहा नगरला मेला; मराठे काही त्याच्या हाती आले नाहीत.

आता या सात वर्षांतला दाणागोटा, सरदारांचे रुसवेफुगवे, रात्री-अपरात्री आलेले जासूद, हे सारे मी कादंबरीत घालू गेलो, तर प्रकाशक विचारतात, "मास्तर, लढाई कुठे आहे?"