सीबर्ट, फ्रेडरिक सीटन
वृत्तपत्रस्वातंत्र्याचे अमेरिकन अभ्यासक. इलिनॉय विद्यापीठात ते पत्रकारितेचे प्राध्यापक होते. इंग्लंडमधील १४७६ ते १७७६ या काळातील मुद्रणनियंत्रणाचा त्यांनी लिहिलेला इतिहास १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. १५५७ च्या सनदेने लंडनच्या ‘स्टेशनर्स कंपनी’ला मुद्रणाची मक्तेदारी आणि बेकायदा छापखाने शोधून ते जप्त करण्याचा अधिकार मिळाला. धंदा राखण्यासाठी मुद्रकच मुद्रकांवर पाळत ठेवू लागले. राजसत्तेचे काम परस्पर झाले. लेखकांच्या तर जिवावरच बेते. पत्रकलेखक विल्यम प्रिन यांचे कान १६३४ मध्ये कापले. उरलेसुरले १६३७ मध्ये छाटून गालांवर डागही दिले. १६९५ मध्ये परवाना कायदा संपला, पण १७१२ मध्ये मुद्रांक कर आला.

राज्यव्यवस्थेच्या स्थैर्यावर ताण वाढला की स्वातंत्र्य आक्रसते, हा सीबर्ट यांचा मुख्य सिद्धांत. तो सरसकट लागू पडतो असे नाही : १६४१ मध्ये मुद्रणावर अंकुश ठेवणारे स्टार चेंबर न्यायालय बरखास्त झाल्यावर राजा आणि संसद यांच्यातील संघर्षाच्या धामधुमीतच पत्रकांचा पूर आला. अर्थात १६४३ मध्ये संसदेनेही परवानापद्धती आणलीच. पीटर्सन व श्राम यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘फोर थिअरीज ऑफ द प्रेस’ (१९५६) अधिक गाजले; मात्र त्यावर शीतयुद्धकालीन पूर्वग्रहाची छाया असल्याची टीका झाली.