चुलीचा जमाखर्च : वऱ्हाडातील काटकसरीचा अलिखित इतिहास

मराठी गृहस्थाश्रमाने 'काटकसर' हा शब्द फार मायेने जपला आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१० साली निघाले, 'स्त्री' मासिक १९३० साली सुरू झाले, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० साली आली आणि घराघरांत पोचली. या परंपरेने पांढरपेशा गृहिणीला संसार नेटका करायला शिकविले, आणि ते काम मी कमी लेखत नाही. पण अशा लिखाणाच्या आगेमागे जे घरगुती सल्ले सतत दिले जातात, ते एकदा नीट तपासून पाहावेत. हंगामात वर्षाचे धान्य एकदम भरून ठेवा. तेल सुटे घेऊ नका, डबा घ्या. शिळ्या पोळीचा कुस्करा करा. जुन्या लुगड्याची गोधडी शिवा. 'टाकाऊतून टिकाऊ' करा. या सगळ्या सल्ल्यांच्या मुळाशी एकच गृहीत आहे : घरात टाकण्याजोगे काहीतरी उरते, आणि खर्च पुढेमागे करण्याइतका पैसा हाताशी असतो.

ज्यांच्या घरात टाकाऊ असे काही नव्हतेच, त्यांच्या चुलीचा जमाखर्च कोणी लिहिला? मी तो वऱ्हाडापुरता मांडून पाहतो आहे. अमरावती-अकोल्याचा हा मुलूख श्रीमंत समजला जातो. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. १८५३ साली इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतले ते कापसावर डोळा ठेवून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून पार नागपूरला पोचली. सरकीपासून रुई वेगळी करणारे जिन आणि तिच्या गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले. कुऱ्हाड सोन्याची होती हे खरे. तिचा दांडा कोणाच्या हातात होता, एवढेच त्या म्हणीत सांगितलेले नाही.

सुरुवात पाण्यापासून केली पाहिजे. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाण पट्टा पसरला आहे. इथे विहीर खणली तरी पाणी खारे लागते. अशा गावात गोड्या पाण्याची एखादी विहीर किंवा तळे हेच गावाचे खरे धन. माझे बालपण दर्यापूरकडच्या अशाच एका खेड्यात गेले. गोड्या पाण्याची विहीर गावात होती. आमच्या वस्तीला मात्र काठावर थांबून कोणी घागरीत ओतील तेवढ्यावर भागवावे लागे. कोणी ओतले नाही तर वस्तीलगतच्या खाऱ्या विहिरीचे पाणी. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ साली झाला होता. तो आमच्या गावात पोचला तेव्हा पायी चालत आला असावा.

आता या अपमानाचा हिशेब चुलीपाशी बसून करा. खाऱ्या, जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. तास-तास उकळली तरी दाणा टणक राहतो. माझी माय म्हणायची, "खाऱ्या पान्यात डाय शिजत नाही, नुसतं सरपन जयते." सवर्णाच्या घरात जी डाळ दोन पऱ्हाट्यांवर शिजे, तिला आमच्याकडे एक मोळी लागे. साबणाचीही तीच गत. जड पाण्यात फेस येत नाही, म्हणून वडी लवकर झिजते आणि कपडा तरी मळकटच दिसतो. मग शाळेतला मास्तर म्हणणार, तुम्ही लोक स्वच्छ राहत नाही. आमच्या घरात साबणाची वडी सणासुदीलाच निघे. एरवी राखेचे निवळलेले पाणी आणि रिठा. हे पारंपरिक ज्ञान म्हणून आज कौतुकाने छापले जाते. ते ज्ञान होते यात शंका नाही. पण ते विहिरीवरच्या बंदीने शिकविलेले ज्ञान होते. अस्पृश्यतेचा विचार आपण मानहानीच्या अंगाने पुष्कळ केला, आणि तो करायलाच हवा होता. पण अस्पृश्यता ही रोजच्या रोज सरपण, साबण आणि बाईचे तास खाणारी गोष्टही होती. महाडच्या चवदार तळ्याकडे वऱ्हाडातल्या खारपाणातून पाहिले की पाण्याचा हक्क हा चुलीचाही हक्क होता, हे कोणाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सरपण तरी कोठून यायचे? कापसाचा हंगाम संपला की शेतातली पऱ्हाटी उपटावी लागते. हे काम बायांचे. हाताला फोड आणणारे. त्याची मजुरी पुष्कळदा पऱ्हाटीतच मिळे : उपटा आणि मोळी घेऊन जा. मालकाचे शेत साफ होई आणि वर उपकारही होई. तुरीचे पीक निघाले की तुराट्या. पावसाळ्यात यातले काही नसे, तेव्हा चरायला गेलेल्या गुरांमागे फिरून गोळा केलेले शेण. गुरे दुसऱ्याची, म्हणून शेणावरूनही भांडण होई.

धान्याची गोष्ट याहून कठीण. वर्षाचे धान्य एकदम भरण्याचा सल्ला सालदाराच्या घरात कोणी वाचून दाखविला असता तर घरची माणसे हसली असती. ज्वारी काढणीच्या दिवसांत मजुरीची कणसे येत, शेत मोकळे झाल्यावर बाया-पोरे सरवा वेचायला जात. मातीत पडलेले एक-एक कणीस शोधायचे, आणि मालकाच्या माणसाने चोरीचा आळ घातला तर ओटी झाडून दाखवायची. त्यातून जे साठे ते फाल्गुन-चैत्रापर्यंत पुरे. आषाढात कणगी रिकामी. मग सवाई-दिढी. दिढीने दोन पायल्या ज्वारी उचलली की पौषात तीन पायल्या घालायच्या. सहा महिन्यांत निम्मी वाढ. तीच तऱ्हा दुकानात. ज्याच्याकडे रोजची मजुरी रोज येते तो चहाची पुडी, छटाकभर तेल आणि पैशाची मिरची घेतो, आणि डबा घेणाऱ्यापेक्षा प्रत्येक छटाकामागे जास्त मोजतो. गरिबी ही फार महागडी राहणी आहे. काटकसरीच्या पुस्तकांत हे वाक्य मला कुठे आढळले नाही.

म्हणून आमच्या बायांनी जी काटकसर केली ती खर्च कमी करण्याची नव्हती. नसलेल्यातून उभे करण्याची होती. ज्वारी दळताना ती चाळून कण्या वेगळ्या काढायच्या, त्या ताकात किंवा नुसत्या पाण्यात शिजवायच्या. शिळ्या भाकरी उन्हात वाळवून त्यांचे कुटके करायचे, कांदा-तिखट घालून परतायचे. हरभऱ्याचा कोवळा पाला हिवाळ्यात खुडून, वाळवून मडक्यात ठेवायचा आणि उन्हाळ्यात त्याची भाजी करायची. पावसाळा लागला की बांधावरचा तरोटा, घोळ, चिवळ, पाथरी. अंबाडी तर भाजीला, चटणीला आणि तिच्या सालीचा वाख दोराला. तेल नसेल तेव्हा तीळ किंवा जवस भाजून कुटायचे; भाकरीला स्निग्धपणा आला पाहिजे, तो तेलातूनच आला पाहिजे असे नाही. यातला एकेक पदार्थ आता शहरी हॉटेलांच्या पाटीवर 'वऱ्हाडी चव' म्हणून झळकतो. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या अन्नाची नोंद केली. वऱ्हाडाचे तसे दफ्तर अजून उघडायचे आहे.

आणि इथे आपण त्या गोष्टीपाशी येतो जी आपण चळवळीच्या इतिहासात अर्धीच सांगतो. मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, उष्टे-शिळे मागणे सोडा, असे बजावले. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच बायांपुढे बोलताना त्यांनी हा विषय थेट घराच्या कारभारणीच्या हाती दिला : मेलेल्या ढोराचे मांस घरात शिजू देऊ नका. या दोन प्रसंगांच्या मध्ये, १३ नोव्हेंबर १९२७ रोजी, अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात वऱ्हाड प्रांतिक अस्पृश्य परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. विषय होता अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा. मंदिराचा दरवाजा इतिहासात नोंदला गेला. चुलीवरचे मडके नोंदले गेले नाही.

मेलेले जनावर ओढून नेणे हा महारकीचा भाग होता, आणि त्याचे मांस हा फुकट मिळणारा घास. ते एकाच दिवशी खाऊन संपत नसे. त्याच्या पट्ट्या कापून, मीठ लावून, दोरीवर वाळवून चान्या केल्या जात आणि त्या पावसाळ्यातल्या उपाशी दिवसांसाठी ठेवल्या जात. म्हणजे आषाढातली सवाई-दिढी जी थोडी टळे ती या चान्यांमुळे. आता वस्तीने ठरविले की हे सोडायचे. निर्णय माणुसकीचा होता, योग्य होता, त्याला दुसरा पर्याय नव्हता. पण त्याची किंमत रोख होती आणि ती चुलीने मोजली. पुरुषांनी सभेत हात वर केले. दुसऱ्या दिवशी मडक्यात काय घालायचे हा प्रश्न बाईसमोर उभा राहिला.

हा तोटा आपल्या विरोधकांना आपल्याआधी दिसला होता. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनीच तो किस्सा सांगितला आहे. मेलेली ढोरे न ओढल्यामुळे अस्पृश्यांचे केवढे नुकसान होते, शिंगे, खूर, हाडे, मांस यांचे किती रुपये बुडतात, असा हिशेब 'केसरी'तून मांडला गेला होता. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते : एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या. ज्यांना आमच्या काटकसरीची इतकी काळजी होती त्यांच्यापैकी कोणी तो फायदा घ्यायला पुढे आले नाही. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. उपाशी माणसाच्या तोट्याचा हिशेब करणारा त्याची मजुरी कधी धरत नाही. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या कमिशनलाही म्हणावे लागले होते की शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर लग्नखर्चावर वाजवीपेक्षा जास्त फोडले जाते. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये (१८८३) हीच उधळपट्टीची कथा शेतकऱ्याच्या लग्नातला खर्च दाखवून खोडून काढली. गरिबाला उधळ्या ठरविणे आणि गरिबाला काटकसर शिकविणे, ही एकाच दुकानाची दोन दारे आहेत.

मग काटकसरीचा प्रत्येक उपदेश फेकून द्यायचा काय? नाही. याच मातीत गाडगेबाबा होऊन गेले. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी परिटाच्या घरी जन्मलेला हा माणूस हातात खराटा आणि फुटके गाडगे घेऊन सांगत फिरला : कर्ज काढून सण करू नका, देवाला कोंबडे-बकरे मारू नका, दारू पिऊ नका, हातावर भाकर घेऊन खा पण पोरांना शाळेत घाला. शब्द तेच, पण वाचविलेला पैसा कोठे जायचा हे त्यांनी सांगितले. गृहिणीच्या पुस्तकांनी ते गृहीत धरले होते. स्वतःसाठी त्यांनी काही ठेवले नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपविली. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, तेही गेले.

१९५६ ने आमच्या घरातला हिशेब पुन्हा एकदा बदलला. मरीआईची जत्रा गेली, नवस गेला, कंदुरी गेली. लग्न पंचशील-त्रिशरणात उरकू लागले. हा सगळा वाचलेला खर्च. दुसऱ्या बाजूला सणावारी गावातून येणारे बलुत्याचे धान्य बंद झाले, कारण आता मागायला कोणी जाणार नव्हते. दोन्हींची वजाबाकी करून काय उरले हे मला ठाऊक आहे, कारण त्यावर मी शिकलो. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू होती. पण ती हाती पडेपर्यंत सत्र संपत येई, आणि तोवरची खानावळ मायच्या मडक्यातून निघे. ती दर सांजेला दळणातून मूठभर ज्वारी बाजूला काढी. कमी पडलेली भाकर तिच्या ताटातली असे. हे मला फार उशिरा कळले, कारण ती सर्वांच्या मागून जेवत असे.

म्हणूनच आपल्या सभांतून माता रमाईच्या गोवऱ्यांचे गोडवे गायले जातात तेव्हा मी अस्वस्थ होतो. त्यांनी मुंबईत शेण गोळा केले, गोवऱ्या थापल्या, ओढाताणीचा संसार चालविला आणि २७ मे १९३५ रोजी गेल्या. बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' त्यांना अर्पण केले. त्या अर्पणपत्रिकेत त्यांच्या मनाच्या थोरवीचा आणि हालअपेष्टा सोबत सोसण्याच्या तयारीचा उल्लेख आहे. गोवऱ्यांचा नाही. आपण मात्र गोवऱ्याच धरून बसलो, आणि आजच्या सुनेला त्या दाखवून गप्प बसवू लागलो. बाईच्या उपाशी राहण्याला त्याग म्हटले की तिच्या ताटात भाकर का नव्हती हे विचारावे लागत नाही.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. सुमारे पंचवीस हजार बाया जमल्या होत्या. त्यांत भाकरी फडक्यात बांधून आलेल्या कितीतरी असणार. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बायांना घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, कायदेमंडळांत बायांना जागा हव्यात, मुलींसाठी वसतिगृहे हवीत, असे ठराव झाले. गिरण्यांत, विड्यांच्या कारखान्यांत, नगरपालिकांत आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांना रजा, दुखापतीची भरपाई आणि नोकरीनंतर पेन्शन मिळावे, हाही एक ठराव होता. घरखर्च कसा वाचवावा, यावर ठराव नव्हता.