कल्याण : शहर की उपनगर?

‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा कुणालाही भर घालता येणारा जगाचा नकाशा. २००४ साली इंग्लंडात सुरू झाला. त्यात प्रत्येक वस्तीला शहर, गाव, उपनगर, वाडी यांपैकी एक खूण द्यावी लागते, आणि नकाशा दुरून पाहताना कोणते नाव आधी उमटावे हे बऱ्याच अंशी त्या खुणेवर ठरते. माझ्या आजोळची, कल्याणची, खूण बदलून मी ‘उपनगर’ करायला बसलो होतो. सगळे कल्याण लोकलने मुंबईला जाते, एवढेच माझे कारण. मग आजी आठवली. गाडी पकडताना ती म्हणे, “मुंबईला जाऊन येते.” जिथून मुंबईला ‘जावे’ लागते, ते मुंबईचे उपनगर कसे? (पार्ल्याची जुनी माणसेही असेच म्हणत, हे खरे.)

आकड्यांनीही भागेना. नकाशाचा ढोबळ संकेत असा, की लाखावर वस्ती म्हणजे शहर. आपल्या जनगणनेतही प्रथम वर्गाचे शहर लाखापासूनच. २०११ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या १२,४७,३२७ होती. पण त्याच जनगणनेने तिला बृहन्मुंबईच्या नागरी समूहातही धरले. शिवाय मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाख माणसे, मुंबई शहर जिल्ह्यात जेमतेम ३१! उपनगर हे आकारमान नव्हे, ते नाते आहे.

आपल्या जुन्या दप्तरांत मौजे, कसबे, पेठ, बंदर असे शब्द येतात. तिथे डोकी मोजलेली नसत. बाजार कुठे भरतो, परगण्याचा कारभार कुठून चालतो, हे पाहिलेले असे. त्या मापाने कल्याण कुणाचेच उप नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात त्याचा व्यापारी ठाणे म्हणून उल्लेख आहे. कान्हेरीच्या लेण्यांना दान देणाऱ्यांनी आपले गाव कल्याण असे कोरून ठेवले. पेशवाईत सुभ्याचा कारभार इथून चाले. रेल्वे आली १८५४ मध्ये. मुंबईशी रोजचे नाते त्यानंतरचे.

मी ‘शहर’ ही खूण तशीच ठेवली. शेजारच्या डोंबिवलीवर मात्र अजून अडलो आहे. महापालिका एकच, नाव जोडलेले, इतिहास निराळा, आणि डोंबिवलीकरांना कल्याणचे उपनगर म्हणण्याची माझी तरी छाती नाही.