पावकी-दिडकीचा हिशेब

पंतोजींची शाळा म्हटली की छडी आणि घोकंपट्टी एवढेच आठवते. पण एकोणिसाव्या शतकातील मराठी गावशाळेत गणित रुजले, ते शिकलेला आकडा बाजारात लगेच उपयोगी पडे म्हणून. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर असलेल्या जगात अपूर्णांक रोजचेच होते. त्यामुळे धूळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढ्यांमागोमाग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी हे अपूर्णांकांचे पाढे येत. दीड रुपया दराने सात शेर तुपाचे साडेदहा रुपये होतात, हे दिडकी मुखोद्गत असलेले पोर कागदाविना सांगे.

हे निव्वळ पाठांतर होते, असा आक्षेप घेतला जातो. तो अंशतः खरा आहे. औटकी म्हणजे साडेतीनपट हे पाठ होई, कारणमीमांसा क्वचितच होई. छापील पुस्तकांअभावी वाचन मागे राही. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींना तर या शाळेचे दार बहुधा बंदच होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढून ते उघडायला सुरुवात केली. तरीही १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडताना जोतीरावांनी मोडी व बालबोध लिपी आणि हिशेब यांना अभ्यासक्रमात जागा मागितलीच. त्यांचा विरोध विद्येच्या मक्तेदारीला होता, उपयोगी विद्येला नव्हे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि औटकीचा बाजार उठला. ते साहजिकच होते. मात्र पाटीवरचा अंक आणि घरचा व्यवहार यांना जोडणारी जुनी वाटही तिच्याबरोबर पुसट झाली. ती नव्याने आखणे, हाच या इतिहासाचा धडा.