पुसण्याचा इतिहास

गाडी घेऊन चार महिने झाले होते. रंग काळा. निवडताना शोरूममधला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, काळ्यावर धूळ फार दिसते." त्याने अर्धंच सांगितलं होतं. मधल्या काळात आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जुन्या ट्यूब काढून लहान, प्रखर एलईडी दिवे बसवले. एका रात्री ऑफिसमधून उशिरा आले, गाडी लावली आणि बॉनेटकडे पाहून थबकले. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसत होती. छतावर, दरवाजांवर, सगळीकडे.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले माझे बाबा गाडी आल्यापासून वाकडलाच राहायला होते आणि रोज सकाळी सहाला खाली जाऊन ती पुसत होते. जुन्या बनियनच्या कोरड्या फडक्याने, मन लावून, गोल गोल.

"बाबा, उद्यापासून गाडी पुसू नका. ओरखडे पडतायत."

"तीस वर्षं स्कूटर पुसली. तिला नाही कधी पडले."

मी त्यांना खाली नेलं, मोबाइलचा टॉर्च लावला आणि बॉनेट दाखवलं. ते काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सकाळी खाली जाणं बंद झालं.

पुढचे काही आठवडे मी हे ओरखडे कसे काढायचे ते वाचत होते. वाचता वाचता मोटारींच्या रंगाच्या इतिहासात शिरले, आणि तिथे कळलं की बाबांचं स्कूटरबद्दलचं म्हणणं खोटं नव्हतं.

वर्तुळं नसतातच

आधी त्या जाळ्याबद्दल. घरात स्टीलचं ताट असेल तर ते दिव्याखाली धरून पाहा. घासणीचे ओरखडे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल फेर धरून बसलेले दिसतील. ताट सरकवा, वर्तुळंही सरकतील. खरे ओरखडे कुठल्याही दिशेने गेलेले असतात. त्यांपैकी जे नेमक्या कोनात असतात, तेच दिव्याचा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवतात, आणि त्या निवडक ओरखड्यांची मिळून वर्तुळं भासतात. त्यामुळे बाबांनी गोल पुसलं म्हणून वर्तुळं पडली, हा माझा आरोप चुकीचा होता. सरळ पुसलं असतं तरी थोड्याफार फरकाने असंच काहीसं दिसलं असतं. दोष हाताच्या दिशेचा नव्हता, कोरड्या फडक्याखाली घासल्या गेलेल्या धुळीचा होता.

पांढऱ्या गाडीवरही तेवढेच ओरखडे असतात. पण पांढरा रंग स्वतःच सगळीकडे प्रकाश विखुरतो, त्यात ओरखड्याने विखुरलेला प्रकाश हरवून जातो. काळा रंग बहुतेक प्रकाश गिळतो. त्या अंधारावर ओरखडा एकटाच चमकतो.

काळ्या चमकेचा पाठलाग

आरशासारखी काळी चमक ही मुळात पूर्व आशियाची देणगी. जपानमध्ये उरुशी नावाच्या झाडाच्या चिकापासून लाकडी वस्तूंवर लेप देतात. हा चीक दमट हवेत घट्ट होतो. 'रोइरो' नावाच्या पद्धतीत लेप कडक झाल्यावर कारागीर तो पाणी लावून खास कोळशाने घासतात, मग तेल आणि अतिशय बारीक पूड घेऊन शेवटची झळाळी बोटांनी आणि तळहाताने आणतात. म्हणजे आधी ओरखडे पाडायचे, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक.

पोर्तुगीज आणि डच जहाजांतून या वस्तू युरोपात गेल्या आणि लोक वेडे झाले. पण ते झाड युरोपात नव्हतं, चीकही तिथवर टिकून पोचत नसे. मग नकला सुरू झाल्या. एक नक्कल आपल्याकडच्या लाखेपासून होती. इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द या आपल्या लाखेवरूनच, पोर्तुगीज भाषेच्या वाटेने गेला. झाडाच्या चिकाला किड्याच्या राळेचं नाव मिळालं ते असं. 1688 मध्ये स्टॉकर आणि पार्कर या दोघांनी इंग्लंडमध्ये या नकलेच्या कृतींचं पुस्तकच छापलं. या कामाला 'जपानिंग' म्हणत. अठराव्या शतकात बर्मिंगहॅम आणि पाँटिपूलच्या कारखान्यांत पत्र्याच्या वस्तूंवर काळा लेप देऊन तो भट्टीत भाजला जाऊ लागला. पुढे शिलाई यंत्रं आणि सायकली याच काळ्या रंगात आल्या.

आणि मग मोटार. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये आली तेव्हा ती काळी मिळत नव्हती. सुरुवातीला हिरवी, लाल, राखाडी अशी मिळे. 1914 ते 1925 या काळात मात्र ती फक्त काळी मिळाली. 'काळा रंग लवकर वाळतो म्हणून' असं नेहमी सांगितलं जातं. त्याहून भक्कम कारणं साधी आहेत. डांबरी खनिज आणि जवसाचं तेल यांपासून बनलेला 'जपान ब्लॅक' स्वस्त होता, टिकाऊ होता आणि भट्टीत भाजता येत होता. डांबरच काळं, त्यामुळे त्यात दुसरा रंग शक्य नव्हता. शिवाय 1913 पासून हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकत्या साखळीवर जुळणी सुरू झाली आणि चॅसिस जोडायला लागणारा वेळ साडेबारा तासांवरून 93 मिनिटांवर आला. अशा ठिकाणी एकच रंग असणं सोयीचंच होतं.

महागड्या रंगीत गाड्यांचं काम तेव्हा अजून घोडागाडीच्या परंपरेतच होतं. तेल-वॉर्निशचे हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, प्यूमिस दगडाची पूड आणि पाणी घेऊन घासायचा, पुन्हा हात द्यायचा. यात आठवडे जात. रंग वाळत ठेवलेल्या सांगाड्यांनी कारखाने भरून जात.

ही कोंडी फोडली ती स्फोटकांच्या रसायनाने. पहिल्या महायुद्धानंतर नायट्रोसेल्युलोज बनवण्याची मोठी क्षमता ड्यूपाँ कंपनीकडे होती. तिच्या रसायनज्ञांनी त्यापासून फवारता येईल इतका पातळ तरीही भरीव रंग बनवला. 1923 मध्ये जनरल मोटर्सची निळी 'ओकलंड' गाडी हा रंग लेवून बाजारात आली. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं. रंगाचं नाव होतं ड्युको.

ड्युको आणि बनियनचं फडकं

हे नाव वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या गावच्या गॅरेजवरही 'येथे ड्युको पेंटिंग केले जाईल' अशी पाटी होती. सुतारसुद्धा कपाटाला 'ड्युको मारू का?' असं विचारतात. एका अमेरिकन कंपनीच्या छाप्याचं नाव आपल्याकडे फवारणीच्या रंगाचं सामान्य नाव होऊन बसलं.

पण ड्युकोत एक मेख होती. फवाऱ्यातून तो मंद, निस्तेज उतरे. चमक हवी तर वॉटर पेपरने आणि रबिंग कंपाउंडने घासावाच लागे. पाण्यात चालणारा तो पॉलिश पेपरही 1921 च्या सुमाराला, याच काळात आला. पुढे अल्किड एनॅमल आले, ते भट्टीतूनच चमकत बाहेर पडत आणि कारखान्यातलं घासणं कमी झालं. तरी एक गोष्ट या सगळ्या रंगांना समान होती. रंग आणि चमक एकाच थरात होते. उन्हाने वरचा पापुद्रा मेला की तो पॉलिश लावून घासून काढायचा, खाली ताजा रंग असायचा.

मला बाबांचं फडकं आठवलं. दर दिवाळीत ते स्कूटर पॉलिश करत आणि फडकं निळसर हिरवं होई. लहानपणी मला वाटे, स्कूटर मळली होती. तो रंगच होता. त्यांची तीस वर्षांची सवय त्या रंगासाठी बरोबर होती. ओरखडे पडतच असणार, पण दर दिवाळीत मेलेल्या थराबरोबर तेही निघून जात होते. शिवाय फिकट रंगावर दिसतात कुणाला? जुन्या सिस्टिमवर वर्षानुवर्षं बिनचूक चाललेला कोड नव्या सिस्टिमवर टाकला आणि तो कोसळला, तर लिहिणाऱ्याला शिव्या देण्यात अर्थ नसतो, हे मला ऑफिसात पक्कं माहीत आहे. घरी सुचलं नव्हतं.

सिस्टिम बदलली ती साधारण 1980 च्या दशकात. खाली रंगाचा पातळ थर आणि वर पारदर्शक क्लिअर कोट, ही पद्धत रुळली. चमक वरच्या थरात, रंग खालच्यात. हा वरचा थर साधारण 40 मायक्रॉनचा असतो, केसाच्या जाडीहून कमी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. तो घासला की फडक्यावर रंग येत नाही, म्हणून काही झिजतंय हे कळतही नाही.

दोन मायक्रॉन

मग ओरखडे काढायचे म्हणजे काय? न्यूटनने 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये काच घासण्याबद्दल लिहिलं आहे, त्याचा मथितार्थ असा की घासून ओरखडे जात नाहीत, ते दिसणार नाहीत इतके बारीक होतात. गाडीवरही तेच. बाजारात काही द्रव्यं ओरखडे नुसते तेलाने-मेणाने भरतात. चार धुण्यांत ते परत दिसू लागतात. खरा उपाय म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणणं.

एका रविवारी मी पॉलिशर भाड्याने आणला आणि बाबांना म्हटलं, "दिवा धरायला याल का?" ते आले. आधी शाम्पूने गाडी धुतली, मग क्लेने चिकटलेले कण काढले. जाडी मोजण्याच्या यंत्राने बॉनेटवर सगळे थर मिळून 104 ते 118 मायक्रॉन दाखवले. सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ स्पंज घेऊन हातभर जागेपासून सुरुवात केली. चार-पाच फेऱ्या, पुसणं, दिवा. जाळं विरलं होतं.

बाबांनी वाकून पाहिलं. "किती काढलंस?"

"दोनेक मायक्रॉन असेल."

"आणि आहे किती?"

"वरचा थर चाळीसेक. पण फार तर चार-पाच वेळा करता येईल. त्यापुढे ऊन आत जाईल."

ते थोडा वेळ गप्प राहिले. ड्रायव्हरच्या दाराच्या मुठीखाली दोन खोल रेघा होत्या, त्यांच्या अंगठीच्या असाव्यात. मी पॉलिशर तिकडे नेला तर म्हणाले, "त्या राहू देत. त्या काढायच्या म्हणजे बरंच जाईल ना?"

बरंच गेलं असतं. राहू दिल्या.

आता ते पुन्हा सकाळी खाली जातात, दोन बादल्या घेऊन. एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत हातमोजा खळबळायला साधं पाणी. आधी नळीने धूळ उडवतात, मग वरून खाली धुतात आणि जाड मायक्रोफायबरने नुसतं टिपून घेतात. रोज नाही, आठवड्यातून एकदा. बाकीचे सहा दिवस गाडीवर धूळ असते आणि त्यांना ती बघवत नाही. परवा विचारत होते, "नुसतं वरचेवर फडकं फिरवलं तर?"

"नको, बाबा."

"बरं," म्हणाले, आणि फडकं घेऊन शेजाऱ्यांच्या जुन्या स्कूटरकडे गेले.